सडलेलं बोट

शेठाणीनं चुलीवरचा चिमटा उचलला, त्यात माझं सुजलेलं बोट धरलं आणि हात वर ओढला. अंगणात शिंगाडे सोलायला बसलेल्या सगळ्या बायकांना दाखवला.

"पाहा हे. मासोळ्या मारणाऱ्याईच्या अंगातच घाण राह्यते."

बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात, नखापाशी, शिंगाड्याचा काटा घुसला होता. शिंगाडा आम्हा मासोळ्या मारणाऱ्यांच्याच तलावातला, आम्हीच काढलेला. सोलायचा मात्र तिच्या अंगणात, मजुरीवर; माल तिचा. बोट वांग्यासारखं झालं, पू वाहू लागला. मी सुट्टी मागितली.

"काहून? एक बोट गेलं तं नऊ राह्यतेत ना! माल सडून राहिला."

हातावर प्लास्टिकची पन्नी बांधून तिनं मला नालीपाशी एकटीला बसवलं. मी बसले.

खरं सांगते, मला तिचं पटलं होतं. घाण माझीच. घरी गेल्यावर मी ती जखम राखेनं घासायची, रक्त येईपर्यंत. नवरा म्हणायचा, "दवाखान्यात चाल." मी म्हणायची, माल संपू दे. बारा दिवस गेले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. जंतू हाडात शिरले होते. हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. दोन पेरं कापली.

मी विचारलं, "माह्या घाणीनं झालं का?"

"हे जंतू सगळ्यांच्या कातडीवर असतात. माझ्याही. काट्यानं त्यांना आत वाट मिळाली. लवकर आला असता तर बोट वाचलं असतं."

सगळ्यांच्या. म्हणजे शेठाणीच्याही. मी रडले नाही. राग आला. आधी स्वतःचा, मग तिचा. आता जाळं विणताना माझ्या हातून गाठ सुटते.

टाके निघाल्यावर मी त्या अंगणात गेले.

"आली का? बस तिकडं, नालीपाशी."

"बसाले नाही आली. हे जंतू तुमच्याही हातावर हायेत. माह्यं बोट तुम्ही सुट्टी नाही देल्ली म्हून गेलं."

"तोंड सांभाळ!"

एक म्हातारी सुजलेला अंगठा पदराखाली लपवत होती. मी तिचा हात धरला. "ऊठ मावशी. दवाखान्यात चाल. आत्ता."

"जे उठन, तिनं उद्या येऊ नये!" शेठाणी ओरडली.

मावशी उठली. बाकीच्या खाली माना घालून सोलत राहिल्या. एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. नाही पाहिलं तर नाही. मी मनाशी ठरवलं, उद्या पुन्हा येणार. फाटकातून हाकललं तर फाटकाबाहेर उभी राहीन, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईचे हात उघडून बघेन.