चव्वेचाळीस हरवला

आजवर कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या मुलीनं एकदा मराठीतला अगदी नेमका शब्द वापरला होता आणि तो चूक आहे असं मी तिला सांगितलं. तो चूक नाही हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

ऑक्टोबरातला रविवार होता. मिल्टन कीन्समध्ये त्या महिन्यात ऊन उशिरा येतं, आणि आलं तरी आल्यासारखं वाटत नाही. रेडवेच्या, म्हणजे पायी नि सायकलनं जायच्या, तांबूस वाटेवर पडलेली ओली पानं आधी उजळतात, मग कुंपणं, आणि सगळ्यांत शेवटी, जणू इच्छा नसताना, माझ्या टेबलाची कड. मेधाची, म्हणजे माझ्या बायकोची, रविवारी हॉस्पिटलच्या फार्मसीत शिफ्ट असे, त्यामुळे ती सकाळ माझी आणि इराची. टोस्टवर लोणी आणि त्यावर नागपूरहून आलेली जवसाची चटणी, हे आमचं ठरलेलं खाणं. भाजलेल्या जवसाचा तो खरपूस वास आज कुठेही आला की माझ्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर उभं राहत नाही. खूप उंचावरून दिसणारं एक हिरवं मैदान उभं राहतं, आणि ते पूर्ण निःशब्द असतं.

माझं कामच ते होतं. अमेरिकेत दर वसंतात व्यावसायिक फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या त्यांच्या फुटबॉलचे, संघ कॉलेजांतले खेळाडू पाळीपाळीनं निवडून घेतात. त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात, आणि तेवढ्या दोन-तीन दिवसांत शेकडो मुलांची आयुष्यं या नाहीतर त्या कुशीवर वळतात. त्याआधी कुणीतरी त्या मुलांचा खेळ पाहून, त्यांना गुण देऊन, शेरे लिहून ठेवावे लागतात. आमची छोटी कंपनी ते करी. तिकडचे सामने शनिवारी होत, आणि तिकडे लोक झोपलेले असताना आम्ही इकडे रविवारी सकाळी चित्रफिती पाहून दुपारी बारापर्यंत गुणांची आणि शेऱ्यांची शीट पाठवत असू. मी आलो होतो सॉफ्टवेअर लिहायला. पण एकदा मीटिंगमध्ये, बोलायची सवय नसताना, मी एका लाइनबॅकरबद्दल काहीतरी बोलून गेलो आणि ग्रेग, आमचा अमेरिकन साहेब, माझ्याकडे बघतच राहिला. लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू. समोरच्यांच्या हालचालीवरून चेंडू कुठे जाणार हे त्याला अर्ध्या सेकंदात ओळखावं लागतं आणि ओळखलं की सगळ्या अंगानिशी तिथे जाऊन आदळावं लागतं. नागपुरात कॉलेजात असताना मी कबड्डी खेळलो होतो. चढाईला आलेला माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो, पण त्याची टाच खरं बोलते, एवढं मला कळत होतं. "बाकीचे बॉल बघतात," ग्रेग म्हणाला, "तू पाय बघतोस." त्या दिवसापासून लाइनबॅकर माझ्याकडे आले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्याला काहीतरी दिसतं जे इतरांना दिसत नाही. हा अभिमान मी कुणाला दाखवला नाही. पण तो होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच आलं.

तो मुलगा एका लहानशा, कुणी फारसं न बघणाऱ्या कॉलेजचा होता. त्याच्या पाठीवर चव्वेचाळीस आकडा असे. इरा तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि मराठी आकडे म्हणजे तिच्यावर वैयक्तिक अन्याय असं तिचं मत होतं. "चव्वे... चाळीस? बाबा, दॅट्स सो अनफेअर. फोर्टी-फोर म्हण ना सरळ." मग हट्टानं तिनं तो एकच आकडा पाठ केला आणि तेच त्याचं नाव करून टाकलं. रविवारी पायजम्यातच खाली येऊन विचारायची, "आपली चव्वेचाळीस आली का?" मी म्हणायचो, "आपला. आला का." ती म्हणायची, "सेम थिंग." तिच्या मराठीत पुरुष बायका व्हायचे, खुर्च्या पुरुष व्हायच्या, आणि मी न थकता दुरुस्त करत राहायचो. मुलीशी बोलायला मला फारसं काही सुचत नसे, तेव्हा तिचं व्याकरण दुरुस्त करणं हेच माझं बोलणं होतं.

आमच्या घरामागच्या कालव्यावर एक राखी बगळा येतो. पाण्याच्या कडेला तो इतका निश्चल उभा असतो की त्याच्या असण्याचा विसर पडावा, आणि मग एकदम, कुठल्याही तयारीविना, त्याची चोच पाण्यात असते. चव्वेचाळीस तसा उभा राहायचा. दुसरे लाइनबॅकर चेंडू उचलला जायच्या आधी चुळबुळतात. हा नुसता बघायचा. मी आठवड्यामागून आठवडे त्याला वरचे गुण देत गेलो, इतरांनी नाकं मुरडली तरी देत गेलो, आणि नोव्हेंबरच्या उंबरठ्यावर ग्रेगच्या यादीत तो 'माझा माणूस' म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्या रविवारची चित्रफीत प्रशिक्षकांसाठी घेतात तशी होती: मैदानाच्या माथ्यावरून, बावीसच्या बावीस जण एका वेळी दिसतील अशी, आणि तिला आवाज नसतो. सामन्याच्या उत्तरार्धात चव्वेचाळीस धावत येणाऱ्याला समोरून भिडला. दोन शिरस्त्राणं एकमेकांवर आदळली, आणि आवाज नसल्यामुळे ते दोन पानं एकमेकांवर पडल्यासारखं दिसलं. धावणारा पडला. चव्वेचाळीस उठला, गुडघ्यावरचं गवत झटकलं, आणि शांतपणे चालत समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. आपल्याच माणसांत आल्यासारखा, मान खाली घालून, पुढची सूचना ऐकायला. दोन सेकंद, फार तर तीन. मग त्या दुसऱ्या संघातल्या एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला अलगद वळवलं आणि त्याच्या संघाच्या दिशेनं लावून दिलं.

"बाबा, पॉज. पॉज कर ना."

"काय गं?"

"चव्वेचाळीस हरवला."

लिंग बरोबर, क्रियापद बरोबर. वर्षभरात पहिल्यांदा तिनं असं निर्दोष वाक्य उच्चारलं होतं, आणि ते त्या क्षणाचं संपूर्ण वर्णन होतं.

"हरवला नाही, हरला म्हणायचं," मी म्हणालो. "आणि तो कुठे हरला? पाडलं की त्याने त्याला."

"नो, आय मीन... तो तिकडे का गेला? ते त्याचे लोक नाहीत."

"पाणी प्यायला गेला असेल."

"तिकडे?"

"इरा, मला बारापर्यंत शीट पाठवायचीय. कीबोर्डवर चटणी सांडू नकोस."

टोस्ट चावता चावता ती स्वतःशीच पुटपुटली, "हरला. ओके. हरला." पाठ करत होती.

शीटच्या तळाशी एक चौकट असते. खेळाडूत दुखापतीची काही खूण दिसली तर तिथे टिक करायची. मग ती बाब डॉक्टरांपर्यंत जाते, आणि डोक्याची खूण असेल तर बहुतेक संघ त्या मुलाच्या नावावर निमूटपणे काट मारतात. मी कर्सर त्या चौकटीवर नेला. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं आणि कापलेल्या ओल्या गवताचा वास खिडकीतून आत येत होता. मला आठवतं, मी त्या वासाचाच विचार करत बसलो. एका टिकेनं मुलाचं आयुष्य का नासवावं, मैदानावर त्यांचे डॉक्टर होते की, पुढच्याच खेळीत तो आपल्या जागी होता, शिवाय फीत काय, त्यांनीही पाहिली असेल. ही सगळी कारणं मी नंतर रचली. त्या वेळी मनात एकच होतं: तो माझा माणूस आहे, आणि मी चुकलो असं ग्रेगनं म्हणायला नको. चौकट मी कोरी ठेवली. शेऱ्याच्या जागी लिहिलं: कणखर. मार खाऊनही मैदान सोडत नाही.

वसंतात ग्रेगचा मेसेज आला, "युअर गाय इज गॉन!" निवडला गेला, एवढाच त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ. मी तो मनातल्या मनात मराठीत वाचला, तुझा माणूस गेला, आणि ऑफिसच्या गाडीतळावर, चेरीच्या फुलांचा नुसता खच पडलेला असताना, गाडीत बराच वेळ बसून राहिलो.

दोन हंगाम तो खेळला. मग असाच एक आघात, आणि त्याआधीचे किती ते कुणास ठाऊक. गेल्या वर्षी त्याच्या गावच्या वाहिनीवरची एक मुलाखत मला दिसली. खोलीचे पडदे ओढलेले, कारण त्याला उजेड सोसत नाही. तो वाक्य सुरू करायचा आणि त्याची आई ते पुरं करायची, इतक्या सवयीनं की तिला स्वतःलाही ते कळत नसावं. शेवटी तो उठला आणि दाराकडे जायचं सोडून भिंतीकडे निघाला. आईनं खांद्यावर हात ठेवून त्याला वळवलं. मी तेवढाच भाग पुनःपुन्हा पाहिला. कामाची सवय.

मी टिक केली असती तर तो वाचला असता का, हे मला माहीत नाही. कदाचित नसता. पण दुसऱ्या संघातल्या त्या अनोळखी मुलानं दोन सेकंदांत जे केलं, ते करायला मला पूर्ण सकाळ होती. आता मी किकर बघतो, चेंडूला लाथ मारून बाजूला होणारे. त्यांना सहसा कुणी भिडत नाही. ग्रेगला डोळ्यांचं कारण सांगितलं. त्यानं काळजीनं चष्म्याची चौकशी केली.

इरा आता साउथहॅम्प्टनला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी दुरुस्ती तिनं निष्ठेनं पाळली आहे. "बाबा, माझी चावी हरली," ती फोनवर म्हणते. "छत्री पण हरली." हसून मेधा म्हणते, "अगं, कुणाशी हरली?" मी हसत नाही, आणि दुरुस्तही करत नाही. इतकी वर्षं तिचा काना, तिची वेलांटी न सोडणारा मी, त्या एका शब्दाशी येऊन थांबतो.

परवा तिचा फोन आला तेव्हा मी कालव्याकाठी होतो. बगळा होता. पाण्यावर तोच उशिराचा, नाइलाजाचा उजेड होता.

"बाबा, आज वॉर्डवर एक आजोबा हरले. म्हणजे, टॉयलेटला गेले आणि येताना दुसऱ्याच माणसाच्या बेडवर जाऊन बसले. सो स्वीट. आय मीन, सॅड. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच परत आणलं."

मी बगळ्याकडे बघत राहिलो.

"हॅलो? बाबा? आहेस का?"

"आहे."

"मग काहीतरी बोल ना."

मी तिला जेवलीस का विचारलं.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. इरा देवनागरी वाचते, अडखळत; पण एवढ्या लांब वाक्यांत ती हरवेल. आणि तो मुलगा तर ही लिपीच ओळखत नाही. ज्या दोघांना हे सांगायचं आहे त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत मी कबुली दिली आहे, तीही बहुधा म्हणूनच जमली.

इराला मी तिचा शब्द देणं लागतो. आणि त्या मुलाला, त्याच्या आईसमोर, एवढंच सांगणं लागतो, की तू हरवलास तेव्हा मी पाहिलं होतं.