भुऱ्या उठत होता का

हे मी आजपर्यंत तोंडातून काढलं नाही. माह्या नवऱ्याले माहीत नाही. ज्या मावशीमुळे हे घडलं ती गेली, तरी तिले कळलं नाही. तुलेच कावून सांगून राहिली? तेही मले धड सांगता येत नाही. काल मेथी निवडता निवडता हात थांबला आणि वाटलं, आता कोणाले तरी सांगून टाकावं. फक्त मधात बोलू नको. बोलशील तं मी विषय बदलीन, मले माहा स्वभाव माहीत आहे.

मले कुत्र्यायची भीती वाटते. लहानपणी चावलं वगैरे काही नाही, उगीच वाटते. हे आधी सांगते, कारण पहिलं खोटं तिथूनच सुरू झालं.

मी तेव्हा भंडाऱ्याकडून नुकतीच भिलाईकडे आली होती. बी.एड. झालेलं, हाताले काम नाही, शिक्षक भरतीची तयारी करून राहिली होती. मावशी चरोद्याले राहायची, मावसा रेल्वेत. दोन खोल्या, घर भरून माणसं, आणि यार्डात दिवसभर डब्यायची ठोकाठोक. राज्य परकं, शहर परकं. बाहेर पडलं की हिंदी, भाजीवाली तं छत्तीसगढीतच बोलायची. मले उत्तर सुचायचं नाही, मी आपली मान हलवायची. समोरचा काहीही म्हणो — हो. ती सवय तिथंच लागली, असं मी स्वतःले सांगत आली आहे. पण सवय माही होती, गावाची नाही.

मावशीले बुद्धविहारात रामटेकेकाकू भेटायच्या. काका भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, सारे त्याले प्लांटच म्हणतात, रिटायर झालेले, कंपनीच्या कॉलनीत, सेक्टरमधलं क्वार्टर लीजवर घेतलेलं. मुलगी प्रज्ञा पुण्याले, तिची पहिली बाळंतपणाची वेळ. दोघायले महिनाभर जायचं होतं आणि घरी एक कुत्रा होता, जो दुसऱ्या कोणाच्या घरी राहत नव्हता. मावशीनं लगेच माहं नाव पुढे केलं. मीही खूश. एक अख्खं क्वार्टर, टेबल, पंखा, आणि डोक्याशी कोणी बोलणारं नाही. अजून काय पाहिजे होतं?

पण त्यायले मले आधी पाहायचं होतं. म्हणून एका दुपारी मावशी मले घेऊन गेली.

रांगेनं सारखीच क्वार्टरं, समोर जांभळाचं झाड, लोखंडी फाटक. काका इस्त्रीच्या शर्टात, पायात मात्र घरातही प्लांटचे जाड बूट. काकू ठेंगण्या, बोलता बोलता हात पदराले पुसणाऱ्या. त्यायनं चिवडा दिला, चहा दिला, आणि सरळ विचारलं, "पोरी, कुत्र्याले भेत तं नाही ना?"

"नाही काकू. आमच्या घरी होतेच की," मी म्हटलं. आमच्या घरी कधी मांजरही नव्हतं.

भुऱ्या पलंगाखाली पडून होता. मातकट रंगाचा, साधा रस्त्यावरचा कुत्रा. भिंतीवर त्यायच्या पोराचा फोटो होता — सुगत. प्लांटमध्ये लागला, लग्न ठरलं, आणि काविळीनं गेला. मावशीनं येता येता सांगतलं होतं. भुऱ्याले त्यानंच सायकल स्टँडवरून उचलून आणलं होतं, टिफिनच्या पिशवीत टाकून.

चहा अर्धा झाला असंन, आणि दुपारचा भोंगा वाजला. फर्स्ट शिफ्ट सुटल्याचा. त्या गावात भोंग्याकडे कोणी लक्ष देत नाही, मावशीनं तं बोलणंही थांबवलं नाही. पण काकू उठल्या. काका गप झाले. आणि पलंगाखालून भुऱ्या बाहेर आला.

तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. जरा वेळानं त्याची शेपटी हलाले लागली. मग तो मागं सरला — अंगणात कोणी सायकल आत घेते तं आपण जागा देतो ना, तसा. आणि कोणाच्या तरी पायाशी लागत लागत आत आला. मान वर करून. कोणाकडे पाहत होता? माह्याकडे नाही, काकूकडे नाही. दाराजवळ एक लाकडी खुर्ची होती, तिथवर आला आणि तिच्या पायाशी बसला. बारीक कुंई कुंई केलं. काकूनं खुर्चीजवळच्या स्टुलावर पाण्याचा गिलास आणून ठेवला. भर दुपार होती रे. बाहेर पोरं क्रिकेट खेळून राहिली होती. 

मावशी म्हणाली, मालकाची आठवण असते जनावराले.  काकू गिलासाकडे पाहत होत्या.

मले तेव्हाच म्हणता आलं असतं — मले जमणार नाही. कोणी रागावलं नसतं.

मग काका मले अंगणात घेऊन गेले. त्यायचं बोलणं मले अजून शब्दाशब्दानं आठवते. म्हणाले, "आपण बुद्धाले मानणारे. भूत नाही, आत्मा नाही. विहारात पोरायले हे मीच शिकवतो. अन माह्याच घरात हे चालू हाय." त्यायले लाज वाटत होती, साफ दिसत होतं. प्रज्ञा म्हणत होती, आता इथं काय ठेवलं आहे, कायमचं पुण्याले या. काका तयार होते. काकूचं एकच — पोरगा घरी येते, मी घर कसं सोडू? काका म्हणाले, "मी हिले म्हणतो, कुत्रा आपल्याले पाहून उठते. आपण गप होतो, तू पाणी आणते, त्याले ते समजते. आपण नसलो तं तो उठणार नाही. तू बाहेरची हायेस. तू पाह्य. उठला तं उठला म्हण, नाही तं नाही म्हण. जे दिसंन तेच सांग."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन उठला तं?"

"तं मी गप बसीन," काका म्हणाले. "पण नाही उठला तं तू पुण्याले चालशील."

काकूनं मान हलवली. आणि दोघं माह्याकडे पाहाले लागले. समजून राहिलं का तुले? दोन म्हाताऱ्या माणसायनं आपलं पुढचं सगळं माह्या दोन डोळ्यायवर ठेवलं होतं. मी म्हटलं, "पाहीन. खरं तेच सांगीन."

मग काका शिफ्टचं काहीतरी समजावत होते, हप्त्याचं, वेळेचं. मी मान हलवत होती आणि आतल्या खुर्चीकडे पाहत होती. एक शब्द डोक्यात शिरला नाही.

ते गेले त्याच दिवशी, भोंग्याच्या आधी, मी भुऱ्याले मागच्या अंगणात नेलं. मोरीजवळच्या खांबाले साखळीनं बांधलं, मधलं दार लावलं, फाटकाले कडी घातली, आणि पुस्तक घेऊन बाहेर पडली. दूर, बागेतल्या बाकावर जाऊन बसली. उन्हं उतरली तेव्हा परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच. रात्रीही मधलं दार लावलेलंच, तो मागं, मी पुढं. दार अंगणाच्या बाजूनं ओरबाडलेलं दिसायचं. साखळीनं त्याची मान घासून लाल झाली, केस गेले. मी त्याच्यापुढं भाकर-दूध ठेवायची आणि हात मागं घ्यायची. तो मले कधी भुंकला नाही. तेही मले आवडायचं नाही.

संध्याकाळी काकूचा फोन यायचा. बाळ झालं, पोरगी झाली, तिचे डोळे असे, नाक तसं. आणि शेवटी आवाज खाली करून — "उठला का गं?"

मी काय म्हणाले पाहिजे होतं? काकू, मी पाहिलं नाही. मी भेते. मी त्याले बांधून पळून जाते. एवढंच. हे तीन वाक्यं. पण मी म्हटलं, "हो काकू, उठला." कावून? त्यायले तेच ऐकायचं आहे असं वाटलं म्हणून. नाही म्हटलं तं दहा प्रश्न येतील म्हणून. हो म्हटलं की फोन ठेवता येते म्हणून. पलीकडे त्या "बरं बाई" म्हणायच्या. त्या आवाजातलं सुख मले ऐकू यायचं. आणि मले, खरं सांगते, चांगलं वाटायचं. पुण्य केल्यासारखं.

एक दिवस बागेत पाणी सोडलं होतं, बसाले जागा नव्हती. मी लवकर परत फिरली. गल्लीत शिरली तं फाटक उघडं. कडी मी स्वतः घातली होती, हातानं ओढून पाहिली होती. कोणी उघडलं असंन, पोरायचा बॉल आत गेला असंन, असंन काहीही. मी जांभळाखाली उभी राहिली. घर शांत. आणि आतून, मागच्या अंगणातून, भुऱ्याचा तो आवाज आला. बारीक. कुंई कुंई. जो तो फक्त खुर्चीशी बसला की करायचा.

चार पावलं आत गेली असती तं दिसलं असतं. काही असतं, किंवा काही नसतं. त्याचसाठी तं मले ठेवलं होतं. मी शेजारच्या भिंतीले टेकून, तोंड रस्त्याकडे करून, अंधार पडेपर्यंत उभी राहिली. मग आत गेली, दिवा लावला, आणि काकूनं जाताना स्टुलावर ठेवलेला गिलास रिकामा होता, तो कपाटात ठेवून दिला. तो सकाळपासूनच रिकामा होता का? मले माहीत नाही. मी त्याच्याकडे पाहतच नव्हती.

त्या दिवशी फोन आला तेव्हाही मी तेच म्हटलं. उठला.

ते परत आले. काकूनं आधी भुऱ्याची मान पाहिली, हळद लावली. मी म्हटलं, खाजवून राहिला होता. त्यायनं मानलं. मग काका समोर बसले आणि कोर्टात विचारतात तसं विचारलं — रोज? हो, रोज. दुपारच्या भोंग्याले? हो. महिनाभर दुपारीच? हो काका, महिनाभर.

काका एकदम हसले. मोकळे. "पाह्य," ते काकूले म्हणाले, "सुगतची शिफ्ट दर हप्त्याले बदलायची, मधात तं सेकंड येते, नाईट येते. भुऱ्या तं हप्त्याप्रमाणं वेळ बदलते. इथं रोज दुपारी? म्हणजे हे सारं —" आणि त्यायनं माह्याकडे पाहिलं. त्यायले कळलं होतं. मले वाटलं, आता सुटली. आता हे म्हणतील, पोरगी खोटं बोलून राहिली, आणि मी रडून सगळं सांगून टाकीन.

पण काकू खाली बसल्या. जमिनीवरच. सुगतले कोणत्या हप्त्याले कोणती शिफ्ट, हे कधीच लक्षात राहायचं नाही. दर रविवारी रात्री काकूच टिफिन घासता घासता सांगायच्या, उद्यापासून नाईट हाय रे बाबू, उद्यापासून सेकंड हाय. तो गेल्यावरही त्यायनं ते सोडलं नव्हतं. दर रविवारी, खुर्चीकडे पाहून.

"त्याले सांगाले घरात कोणी नव्हतं," काकू म्हणाल्या. "महिनाभर एकाच शिफ्टले येत राहिला माहा पोरगा. हप्ता बदलला हे त्याले कोण सांगन?"

काकांचं हसू गेलं. ते पुन्हा माह्याकडे पाहाले लागले. एक शब्द पुरला असता, काका नजरेनं तो मागून राहिले होते. मी माही बॅग भरली. जयभीम केला आणि चरोद्याची गाडी पकडली.

काकू त्यानंतर एक रात्रही घराबाहेर राहिल्या नाहीत. नातीचं बारसं झालं, शाळा सुरू झाली, त्या गेल्या नाहीत. काका एकटे जाऊन यायचे, मग गुडघ्यानं तेही बंद झालं. भुऱ्या म्हातारा होऊन मेला. मग काका गेले. आणि माही नोकरी त्याच शहरात लागलेली, त्यामुळे मीही भेटाले गेली.

प्रज्ञानं मले स्वयंपाकघरात ओढलं. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, आई नहीं आती मेरे साथ. ती एकटी मरन इथं. तिचा तुमच्यावर भरोसा आहे. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की तेव्हा काही दिसलं नव्हतं. खोटं असलं तरी म्हणा. माह्यासाठी एवढं खोटं बोला."

खोटं. तिले ते खोटं वाटत होतं.

बाहेरच्या खोलीत काकू बसल्या होत्या, आमचं ऐकू जात होतं. मी प्रज्ञाचे हात माह्या हातातून सोडवले. आणि तुले सांगते, माहा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मी खोटं नाही बोलू शकत ताई," मी म्हटलं.

काकू अजून त्याच क्वार्टरमध्ये आहेत. एकट्या.