कोळशाच्या होल्डमध्ये दादा

माझा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. रायपुरात हे सांगितलं की लोक आधी हसायचे. कुठे समुद्र, कुठे आपण! बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळे त्याला ‘जहाजवाले भैया’ म्हणत. जहाज म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गोरे प्रवासी, बँडबाजा असलंच काही यायचं. दादाच्या जहाजावर प्रवासी नव्हताच. कोळसा, खनिजाची माती, कधी गहू. पोत्यांत बांधलेला नाही, तर सुटा, सरळ जहाजाच्या पोटात ओतलेला. त्या पोटाला तो होल्ड म्हणायचा.

बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. दादा सुट्टीवर आला की दोघांची जुंपायची.

“तुमच्या दोन-तीन मालगाड्या माया एका होल्डात जिरतात, बाबा.”

“जिरतात ना? मंग तो होल्ड झाडते कोन?”

“मीच झाडतो.”

आणि खरंच, तेच त्याचं मोठं काम होतं. कोळसा उतरवून गहू भरायचा असला की वाटेतच, चालत्या जहाजात, भिंती पाण्याच्या मोठ्या पाइपाने धुवायच्या, गंज खरवडायचा, कोपऱ्यातला भुगा बादल्यांनी वर ओढायचा. पुढच्या बंदरात तपासणारा येऊन भिंतीवरून बोट फिरवायचा. बोट काळं झालं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. घरी येऊन आठवडा झाला तरी दादाच्या कानामागून काळं निघायचं. आई पदराचं टोक ओलं करून पुसायची, तो लहान मुलासारखा मान वाकडी करून बसायचा.

काही गोष्टी तो आईला सांगायचा नाही, मला, धाकट्या बहिणीला सांगायचा. बुढा तालाबाच्या काठाने आम्ही चालत असू तेव्हा. एकदा वादळात खनिजाची ओली माती होल्डमध्ये चिखलासारखी सरकली आणि जहाज एका अंगावर कललं ते कललंच. बंदर येईपर्यंत सगळे भिंतीला हात लावून चालत होते. जेवण ताटात नाही, मांडीवर पातेलं धरून. “भीती नाही वाटली?” मी विचारलं. “वाटली ना. पन जाशीन कुठं? खाली पानीच,” तो म्हणाला आणि खारे दाणे खात राहिला.

राज्य नवीन झालं तेव्हा रायपूर राजधानी झालं आणि मला सरकारी कचेरीत नोकरी लागली. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. कोण साहेब कुठे बसणार ते कोणालाच नीट ठाऊक नसायचं. घरचा फोन बंद पडला होता, म्हणून दादाने जहाज कंपनीत माझ्या कचेरीचा नंबर देऊन ठेवला होता. एका दुपारी तिथेच तो फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत अगदी हळू बोलत होता. अपघात झाला, म्हणाला. मी विचारलं, कितपत लागलंय? त्याने उलट विचारलं, घरी कोण कोण आहे? त्या प्रश्नातच मला कळलं.

पेटी यायला फार दिवस लागले. परदेशातलं बंदर, तिथले कागद, मग मुंबई, मग आमचं विमानतळ. पेटी उघडू नका, असं सांगण्यात आलं होतं. आईने ऐकलं नाही. दादाचा चेहरा पाहिला आणि कानामागे बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं. कोणीतरी त्याला नीट आंघोळ घातली होती.

महिन्याभराने एक माणूस आमचं घर विचारत आला. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा, हातात आमसुलांची पिशवी. दादाच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. कोकणातला. आमचं बोलणं ऐकून म्हणाला, “तोही असाच बोलायचा. आम्ही चिडवायचो त्याला.” मग त्याला पुढे बोलवेना. आईने पाणी दिलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“सांगा भाऊ. कसा गेला माया पोट्टा?”

त्याने सांगितलं. जहाज कोळसा भरून चाललं होतं. होल्ड बरेच दिवस बंद होता, आणि बंद कोळसा आतली हवा खाऊन टाकतो. वास येत नाही, काही दिसत नाही. एक नवा खलाशी काहीतरी आणायला झाकण उघडून शिडीने खाली उतरला आणि पडला. दादा जवळच होता. त्याने हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून तो तसाच खाली गेला. त्याच्या काखेत हात घालून उचलू लागला आणि त्याच्याच अंगावर कोसळला.

“मी धावत आलो तेव्हा दोघं खाली दिसत होते. आणखी दोघं उतरायला निघाले होते. मी होल्डच्या तोंडावर आडवा झालो, काकू. एकाने मला लाथा घातल्या. मी हललो नाही. श्वासाची नळकांडी येईपर्यंत कुणालाच उतरू दिलं नाही.”

बाबा इतका वेळ खिडकीशी उभे होते. ते वळले.

“म्हंजे माया पोरगा खाली पडून होता, आन् तुमी वाट अडवून बसले?”

“हो, काका.”

बाबा चपला घालून निघून गेले.

आईने त्याला जेवायला बसवलं. तो नको नको म्हणत होता. “जेवा,” ती म्हणाली. “त्या दोघायच्या आया कुठं असतीन, त्याईले तर माईतही नसन.” मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, ती त्या उतरू न दिलेल्या दोघांबद्दल बोलत होती. बोसनने घास खाली ठेवला आणि तोंडावर हात घेऊन रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण स्वतः रडली नाही.

संध्याकाळच्या गाडीने तो निघाला. मी स्टेशनवर पोचवायला गेले. बघते तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथे गार्डचा डबा लागतो तिथे, बाबा उभे. किती वेळचे उभे होते कोण जाणे. ते आमच्याकडे आले. बोसनकडे न बघता, रुळांकडे बघत म्हणाले, “त्याले तरास झाला असन का?”

“नाही काका. एक-दोन श्वास. कळलंही नसेल.”

“मले बरं वाटावं म्हनून तर नाही सांगून राहिले?”

बोसनने हातातली पिशवी खाली ठेवली. “मी खाली नव्हतो, काका. मला नक्की कसं ठाऊक असेल?”

बाबांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांना हेच उत्तर हवं होतं. गाडी लागली तेव्हा त्यांनी बोसनची पिशवी उचलून डब्यात ठेवली. हात मात्र मिळवला नाही.

बोसन पुन्हा समुद्रावर गेला नाही. आईला त्याचा फोन येत असे. आंब्याच्या कलमांची, पावसाची, मुलीच्या शाळेची बोलणी. बाबांनी तो फोन कधी घेतला नाही. पण वाजला की ते रेडिओ बंद करत आणि आईचं बोलणं संपेपर्यंत तिथेच बसून राहत.