वच्छलाबाईंचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. जठारपेठेतल्या माझ्या घरात ऐकायला तरी कोण आहे? कॉलेजात शिकवून आले की कुलूप मीच उघडते, चहा एका कपाचाच टाकते. म्हणून तुम्हाला सांगते आहे. बसा.

अमरावतीत मी पीएच.डी. करत होते, तेव्हाचं हे. विषय एका एन्झाइमचा. पेशीत तयार झालेल्या प्रथिनाला नीट घडी पडावी लागते, तरच ते कामाचं. ती घडी हे एन्झाइम घालतं. कॅन्सरची पेशी घाईघाईनं प्रथिनं बनवत सुटते, तिला ते जास्तच लागतं — निदान आम्हाला तसं वाटत होतं. तपासायला ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा हवा, आणि तुकड्यासाठी पेशंटची सही.

वच्छलाबाई भातकुलीकडच्या. शेवंती, झेंडू लावायच्या, नवरा बाजारात नेऊन विकायचा. स्तनात गाठ. हे फक्त संशोधन आहे, पेशंटला याचा उपयोग नाही, असं फॉर्मवर छापलेलं होतं. तो मी वाचून दाखवायचा होता. मी — कसं सांगू — नेमकी ती ओळ गाळली. त्यांनी विचारलं, "याच्यानं माह्या बिमारीचं समजीन ना, मॅडम?" मी हो म्हटलं. नमुने कमी पडत होते. पण तेवढंच कारण होतं का? पांढऱ्या कोटातल्या मला डॉक्टर समजून कुणीतरी इतक्या विश्वासानं बघत होतं, ते मला आवडलं होतं.

आमच्याकडे शरीरातून काही काढून नेलं की त्याचा रिपोर्ट येतो, आणि रिपोर्टशिवाय पुढचं औषध नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. महिन्याभरानं बाईंचा फोन आला. सलाईनमधून औषध द्यायला डॉक्टर बोलावत होते. "मी सांगतलं त्याईले, मॅडमचा रिपोर्ट येऊ द्या, मंगच."

एकच वाक्य बोलायचं होतं — बाई, रिपोर्ट यायचाच नाहीये, उद्याच जा. पण मग तेव्हा हो का म्हटलं, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, थोडा वेळ लागेल. पुढच्या फोनलाही तेच. मग फोन उचलणंच सोडलं. वाजणारा फोन टेबलावर पालथा घालून मी काम करत राहिले.

दोनेक वर्षांनी त्यांचे यजमान लॅबच्या दारात उभे. औषध न घेताच बाई गेल्या होत्या. ते चिडले नव्हते, तेच मला सोसेना. म्हणाले, "तिचा रिपोर्ट असन तर द्या. तिनं लय वाट पायली."

बाईंच्या गाठीत ते एन्झाइम भरपूर निघालं होतं. त्या आकड्यांचा एक कागद मी छापून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"याच्यात काय लिवलं हाय? आमचं काही चुकलं काय?"

मी म्हटलं, काका, गाठ आधीच फार पसरली होती. औषधानंही काही झालं नसतं.

तुम्हाला वाटेल, मी त्यांना धीर दिला. नाही. मी स्वतःला वाचवलं. बाईंची फाइल मी वाचलेली होती. गाठ लहान होती, कुठेही पसरली नव्हती, आणि औषध लगेच सुरू करा असं डॉक्टरांनी खाली रेघ ओढून लिहिलं होतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवत होतं. काकांनी मला हात जोडले — आणि मी तो नमस्कार घेतला.