पुण्याच्या मुलीला सांगितलेली गोष्ट

चांगलं पुस्तक हाती लागलं की लोकांना आनंद होतो. माझ्या मात्र आधी पोटात दुखतं. रत्नागिरीत राहून मी जन्मभर वाचतच आलोय, वाचनालयाचं कपाट न् कपाट पालथं घातलंय, आणि एवढं वाचून माझ्या हातून धड एक पान उतरलेलं नाही. मग दुसऱ्याचं उतरलेलं बघून मी काय टाळ्या वाजवायच्या?

गेल्या वर्षभरातलंच सांगतो. एक रहस्यकथा वाचली. खुनी कोण ते मला मध्यावरच कळलं, त्यामुळे त्या लेखकावर माझा फार जीव जडला. मग सायकलवरून देश फिरलेल्या एका गड्याचं पुस्तक वाचलं. हा वाटेल तिथे झोपतो, वाटेल ते खातो, आणि याला साधं पित्तसुद्धा होत नाही! मी हातखंब्याला जाऊन आलो तरी कंबर धरते. ते पुस्तक मी रागारागाने संपवलं, परत केलं, आणि आठवड्याने पुन्हा घेऊन आलो.

आणि ती जाडजूड कादंबरी. देशावरची एक म्हातारी, मुलगे सगळे शहरात. ती रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्तीच्या थापते, कुणी आलंच तर असाव्यात म्हणून. बस, एवढंच. एवढ्यावर त्या लेखकाने मला रडवलं. भर दुपारी मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसलो होतो, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुसता पुसता मनात म्हणालो, मेल्या, तुला हे सुचलंच कसं? त्या म्हाताऱ्या आईने पुढे आठवडाभर माझा पिच्छा सोडला नाही.

त्याच दिवसांत पुण्याची एक मुलगी आमच्याकडे उतरली होती. कोकणातल्या खाड्यांवर पूल झाले, होड्या बंद पडल्या, तर त्या होड्या वल्हवणाऱ्या माणसांवर ती पुस्तक लिहीत होती. वाचनालयातून कुणीतरी तिला माझ्याकडे धाडलं. आता मी म्हणजे माहितीचा खजिना! दोन संध्याकाळी बसून मी तिला बंदरांचा सगळा इतिहास सांगितला. तिने मान डोलावली, चहा घेतला, आणि तिसऱ्या दिवसापासून जी माझ्या आईजवळ जाऊन बसली ती जाईपर्यंत उठली नाही. दुपारभर मागच्या पडवीत दोघींचं बोलणं चाले. मला वाटलं, आई तिला सोलकढी शिकवत असेल. मी आपला खुर्चीत, माझ्या कादंबरीत होतो.

परवा मे महिन्यात ते पुस्तक आलं. पार्सल आईच्या नावाने. माझ्या नव्हे, आईच्या! जी चौथीनंतर शाळेत गेली नाही आणि हल्ली जिला जवळचं, मिरचीच्या पुडीवरचंही, दिसत नाही. मी ते उभ्या उभ्याच फोडलं आणि आधी माझं काय आलंय ते शोधलं. अगदी शेवटी, आभारात सापडलो. आजींचे चिरंजीव, ज्यांनी वाचायला पुस्तकं दिली. झालं. दोन संध्याकाळींचा इतिहास गेला खाडीत.

आईवर मात्र अख्खं प्रकरण.

आई मागच्या पडवीत कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती. म्हणाली, "वाच की मोठ्यानं. मला कुठं दिसतंय?"

म्हणून मी वाचायला लागलो. सुरुवातीला मेल्यासारखा, आवाज न चढवता. पोरीने काय लिहिलं होतं म्हणून सांगू! एकेक वाक्य असं की माझा नुसता जळफळाट.

माझं आजोळ जयगडच्या खाडीपलीकडे. आजोबांची थोडी भातशेती आणि खाडीत प्रवाशांची होडी, एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की आजोबा तापाने निजले आणि मामा मुंबईला, तेव्हा ती होडी माझी आई वल्हवायची. आणि त्याच दिवसांत तिला बघायला पाहुणे यायचे होते. आतल्या डोंगराकडच्या गावातली माणसं, आयुष्यात होडीत न बसलेली. त्यांना पलीकडून आणणार कोण? आईच गेली. डोक्याला आजोबांचा पंचा बांधून, साडी खोचून. ती कोण ते तिला माहीत, पाहुण्यांना नाही.

मध्यावर वारा सुटला. नवरा मुलगा पांढराशुभ्र सदरा घालून आलेला. त्याने आधी होडीची कड धरली, मग डोळे मिटले, आणि शेवटी वल्हवणारणीच्या पदराचं टोक मुठीत धरून म्हणाला, "अगो बाय, जरा हळू घे गो!"

तो नवरा मुलगा म्हणजे माझे वडील. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने आम्ही भावंडं पाटावर सरळ बसायचो, ते!

मी वाचता वाचता थांबलो. आईचे हात लाल झालेले, आणि ती गदागदा हसत होती. "पुढं वाच," म्हणाली.

पुढे असं, की काठाला लागल्यावर आई मागच्या दाराने घरात गेली, तोंड धुतलं, लुगडं बदललं आणि पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. वडिलांनी वर पाहिलं आणि ओळखलं. मोठ्या माणसांनी विचारलं, मुलीला काय काय येतं? आजोबा कांबळ्यातून म्हणाले, सगळा स्वयंपाक येतो. वडील खाली मान घालून पोहे खात राहिले. मग त्यांनीच घरी जाऊन सांगितलं, हीच मुलगी करायची.

आमच्या लहानपणी वडील आजोळी न्यायचे ते एस.टी.ने, हातखंब्याला गाडी बदलून, सगळा लांबचा फेरा मारून. जयगडला गेलं की समोर खाडी, पलीकडे आजोळ, आणि हे म्हणायचे, हाच रस्ता सोयीचा! आम्ही ओकून ओकून बेजार व्हायचो. त्याचं कारण मला या वयात कळलं, तेही टपालाने आलेल्या पुस्तकातून, एका परक्या पोरीने छापलेलं. वडील जाऊन इतकी वर्षं झाली, एकदा तरी त्यांना यावरून चिडवायला मिळालं असतं.

खोटं कशाला बोलू, मला त्या मुलीचा असा हेवा वाटला की पुस्तक भिरकावून द्यावं. छान लिहिलं म्हणून नव्हे. लिहिणारे पुष्कळ पाहिलेत. पण ही माझी आई, हे माझे वडील, आणि गोष्ट मात्र तिची झाली. मी पुस्तक मिटलं. आवाज चढलाच माझा.

"आई, चार दिवसांची ओळख नाही आणि तिला सगळं सांगितलंस! मी एवढा घरात असतो, मला कधी सांगावंसं वाटलं नाही?"

आईने हातातला रातांबा अर्धवट ठेवला. माझ्याकडे बघत राहिली, खरंच नवल वाटल्यासारखी.

"अरे, तू तिथंच व्हतास की. त्या खुर्चीत. तुला पण ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानंच सांगत व्हते," ती म्हणाली. "मधी एकदा तू चष्मा काढून डोळे पुसलेस. मला वाटलं, ऐकतोयस."