परण्याची चाल
जनरेटरच्या डिझेलचा धूर आणि हळदीचा वास एकत्र आला, की मला पाथर्डीकडचं ते लग्न आठवतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, पुढे बँजो पार्टी होती, आणि बँजोवर अचानक ती धून सुरू झाली. कॉलेजात असताना ज्या परदेशी रॉक बँडच्या कॅसेटी मी ऐकून ऐकून झिजवल्या, त्यांचीच! मिरवणूक देवळापाशी थांबताच मी त्या बँजोवाल्या तरुणाला गाठलं. “हे कुणाचं गाणं, माहीत आहे का?” “व्हय की, काका. परन्याची चाल हाय ही. नवरदेव मारुतीला निघाला की हीच वाजती. आमचा आज्जाबी हीच वाजवायचा.” मी मोबाईलवर मूळ गाणं लावून त्याच्या कानाशी धरलं. त्यानं डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं. “कुठली पार्टी हाय ही?” “इंग्लंडची. मोडली कधीच.” त्याला खरंच वाईट वाटलं. “वाजवत्यात भारी,” तो म्हणाला, “पन लई पळत्यात. ह्या ठेक्यावर घोडं चालायचं न्हाई.” तेव्हा मला हसू आलं होतं. आता घरी ते गाणं लावलं, की मध्येच मीच पुटपुटतो, अरे हळू, घोडं मागं राहील.