ओल्या मातीतली अक्षरं

नळदुर्गपासून दोन कोसांवरच्या शाळेत मुक्ताबाई शिकवत. त्या स्वतः मोठ्यानं वाचूनच शिकलेल्या; मनात वाचलेलं त्यांच्या डोक्यात शिरत नसे. त्यामुळे प्रत्येक पोराची वाट वेगळी, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. दगडोबाला पाढे ओरडल्याशिवाय येत नसत, सरूला गिरवल्याशिवाय. माणिकप्पाची शिवकांता मात्र पाटी समोर आली की गोठून जाई.

पोळ्याला तिनं मातीचा बैल केला. त्याच्या पायाला चिकटलेली गोल शेपटी बघून बाई म्हणाल्या, "अगं, हा तर तुझ्या नावातला 'व'!"

पोरगी बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी पाटीवर 'व' उमटला. मग मातीचा 'शि' झाला. हाताला एकदा कळलं की ती विसरत नसे.

पण ते बाहत्तर साल होतं. पाऊस नावालाच पडला होता. दिवाळीनंतर आड आटला, पाणी टँकरनं येऊ लागलं. मुक्ताबाई आपल्या वाट्यातलं थोडं पाणी मातीवर शिंपडत. बायका टोमणे मारत, "बाईंकडं पाणी लई झालंय! पोरीला चिखलात खेळवतेत."

एके दुपारी माणिकप्पा शाळेत आला. "बाई, खडीच्या कामावर माणसं घेतेत. पोरीला नाव लिवता येत असंल तर ऱ्हाऊ द्या हितंच. न्हाय तर नेतो."

शिवकांतानं पाटी घेतली. 'शि' काढला. 'व' काढला. 'कां'ही आला. मग हात थांबला. 'ता' अजून मातीत झालाच नव्हता.

"बाई, माती," ती हळूच म्हणाली.

घागर पालथी होती. दुष्काळात शाळेत वाटायला आलेली कोरडी सुकडी पोरांच्या घशाखाली उतरेना, म्हणून बाईंनी नुकतंच उरलंसुरलं पाणी त्यांना पाजलं होतं.

"माणिकप्पा, उद्यापर्यंत थांबा. तांब्याभर पाणी मिळालं की येईल तिला."

"तांब्याभर पाणी असतं, तर म्हस इकली असती का म्या?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

शिवकांतानं पाटी परत दिली. "'ता' कसा असतो, बाई?"

मुक्ताबाईंनी तिच्या तळहातावर बोटानं 'ता' काढला. पोरीनं मूठ घट्ट मिटली आणि बापामागून चालू लागली. नुसतं काढून दाखवलेलं तिच्या हातात राहत नाही, हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.